चमचा उभा राहिला पाहिजे

पहिल्या दिवशी मिक्सरनं नुसते दात खाल्ले.
बर्फ पाण्याचा, दूध पातळ,
भांड्यात खडखडाट असा की शेजारचं कुत्रं उठून उभं.
झाकण उडालं, चिकूचा शिंतोडा थेट कॅलेंडरवर,
एकादशीच्या चौकटीत.
हौसा म्हणाली, "एकतीस वर्षं लोखंड वतलंसा,
आन दूध वतायला येईना व्हय?"

ती जाते शाहूपुरीत, साड्यांना फॉल लावायला.
मी रिटायर. दुपार माझी, मिक्सर माझा,
आणि नातवाची ऑर्डर:
"बाहेर मिळतं तसलं पायजे. घट्ट.
नळीनं ओढताना गाल आत गेले पायजेत."

म्हटलं, बघू.

मग पाण्याचा बर्फ बंद.
पाणी शेवटी पाणीच, वितळलं की फितूर होतं.
पहाटे गंगावेशीच्या कट्ट्यावर गेलो,
म्हशीचं दूध डोळ्यांदेखत पिळून घेतलं,
तापवलं, जरा आटवलं, गार केलं,
आणि ट्रेच्या खणाखणांत ओतलं,
एका कोपऱ्यातून, सावकाश, आत हवा अडकू नये म्हणून.
साचा भरायची ही सवय.
हात विसरत नाहीत.
चिकूच्या फोडीही रात्रभर फ्रीजरला. दगड झाल्या.

सलग फिरवायचं नाही, हे कळायला एक मोटार जवळजवळ जळाली.
खटका मागं. सोड. खटका मागं. सोड.
मध्ये झाकण काढून तळातलं वर आणायचं.
दूध घालायचं ते चमच्यानं, धारेनं नाही.
फार फिरवलं तर सरबत, कमी फिरवलं तर खडी.
मधली जागा केवढीशी!
ती कानाला कळते: खडखड थांबते
आणि मिक्सर घोगऱ्या आवाजात बोलायला लागतो.

दस्तगीर हे वाळूबद्दल सांगायचा,
शिरोलीच्या फौंड्रीत, मी नवखा असताना:
"मूठ आवळ. आता मोड.
हाताला चिकटली तर वली, ढासळली तर कोरडी.
काठ सुरीनं कापल्यागत मोडला, तर भर साचा."

सहा महिने झाले, तो घरी आला नव्हता.
फोनवर म्हणायचा, गुडघा.
मग एकदा रंकाळ्यावर लांबून दिसला,
चहाच्या गाड्यापाशी.
कप उचलला, हात कापला, चहा बशीत.
परत उचलला, चहा सदऱ्यावर.
इकडंतिकडं बघून त्यानं कप तसाच ठेवला
आणि पैसे देऊन निघाला.
ह्या हातानं वितळलेल्या रसाचा डबू धरला होता,
थेंब बाहेर नाही.
मी हाक मारली नाही.

शुक्रवारी नमाज झाल्यावर स्कूटरवर घेऊनच आलो.
"मिक्सर बिघडलाय, बघ जरा."
हौसा आधण ठेवायला निघाली,
मी डोळ्यांनीच नको म्हटलं.

स्टीलचा मोठा ग्लास, काठोकाठ. वर चमचा, सरळ उभा.
दस्तगीरनं घेतला.
हात थरथरला, ग्लास थरथरला,
चमचा जरा डुलला.
आतलं जागचं हललं नाही.

त्यानं ग्लासाकडं बघितलं.
मग मुद्दाम तिरका केला. अजून तिरका.
काठापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं,
विचार करत असल्यासारखं.

"माती बरूबर झालीया," म्हणाला.

मग कुणी काही बोललं नाही बराच वेळ.
चमच्याचा आवाज तेवढा, ग्लासाच्या तळापर्यंत.
मिशीला लागलेलं त्यानं पुसलंही नाही.

जाताना ओट्याकडं मान वळवून विचारलं,
"मिक्सरला काय झालंय?"
"काय न्हाई."
"वाटलंच." चप्पल घालता घालता थांबला.
"फुडच्या शुक्रवारी परत बिघडू दे.
आन साखर वाईच जास्त."

रात्री दोन ट्रे भरून ठेवले.
नातू विचारतोय, माझं कुठाय?